पोलंडची ऑफर आणि माझी जुनी बातमी

गेल्या सोमवारी सकाळी बाजारात चहाला थांबलो होतो. आमच्या वाडीतला एक मुलगा जवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि मोबाइल पुढे केला. "काका, ह्या जरा बघा मां."

ऑफर लेटर होतं. पोलंडमधलं कुठलंसं वेअरहाऊस. पगार आपल्या पैशात महिन्याला एक लाख वीस हजार, राहणं फुकट, दोन वर्षांचा करार. वर कंपनीचं नाव, त्यात 'ग्लोबल' आणि 'इंटरनॅशनल' हे दोन्ही शब्द. खाली निळा शिक्का आणि एक लायसन नंबर. मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय चोवीस, सध्या हायवेच्या कामावर एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर.

"भरूचे किती?" मी विचारलं.

"दोन लाख ऐंशी. तीन टप्प्यात. पयले चाळीस हजार शुक्रवारपर्यंत."

चाळीस हजारांची सोय आईने बचत गटातून केली होती. बाकीच्यासाठी काजूची कलमं एकाला पाच वर्षांसाठी द्यायचं बोलणं चाललं होतं. माझ्याकडे तो सल्ला मागायला आलाच नव्हता. 'मी बातम्या देतो म्हणजे मला कंपनी खरी की खोटी ते कळत असेल' एवढ्याच भरवशावर आला होता.

हा भरवसा मला फार टोचतो. त्याचं कारण या पोस्टमध्ये सांगणार आहे, पण थोडं पुढे.

आपल्या खारेपाटणला परदेश काही नवा नाही. विजयदुर्गच्या खाडीतून गलबतं शुक नदीने इथपर्यंत यायची, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008 चा. त्यात शैव आचार्यांना दिलेल्या दानाची नोंद आहे आणि त्या दानात एक बाब अशी, की परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण त्यांना मिळावा. हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब मी मुद्दाम सांगतोय. पैसे जहाजाने द्यायचे होते. खलाशाने नाही.

पुढे बंदर गाळाने भरलं आणि माल येण्याऐवजी माणसं जायला लागली. आधी मुंबईला. आपल्या पणजोबांना गिरणीत कुणी लावलं? गावच्याच किंवा पंचक्रोशीतल्या एका जॉबरने. भरती त्याच्या हातात, बदली कुणाला द्यायची ते त्याच्या हातात, खाडा पडला तर ठेवायचं की काढायचं तेही त्याच्याच हातात. त्याबद्दल त्याला 'दस्तुरी' द्यावी लागे. नसेल तर कर्ज काढून द्यावी लागे, आणि बरेचदा कर्जही तोच देई. 1931 साली व्हिटली कमिशनचा अहवाल आला. हिंदुस्थानातल्या मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेलं ते रॉयल कमिशन. त्याने या जॉबरांच्या लाचखोरीवर कडक लिहिलं आणि भरती त्यांच्या हातातून काढा असं सुचवलं. 1935 च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद सुरू केली, त्यामागचं एक कारण हेच.

जॉबरला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. तो गावचाच असे. फसवलंन तर मे महिन्यात गावी आल्यावर त्याला तोंड दाखवावं लागे. गणपतीला त्याच्या ओटीवर चार माणसं जाऊन बसत. दस्तुरी घेई, पण काम देई. आजच्या 'ग्लोबल'वाल्याच्या ओटीवर कुठे जाऊन बसणार? ऑफिस भाड्याचं, सिम दुसऱ्याच्या नावावर.

मग 1973 नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखातात इमारती उभ्या राहायला लागल्या. आपल्या मोहल्ल्यातली, आपल्या वाड्यांतली माणसं सौदी, कुवेत, दुबईला गेली. मुंबईत एजंटांची ऑफिसं उघडली. ट्रेड टेस्ट, मेडिकल, पासपोर्ट, 'सेठ का व्हिसा आया है'. या सगळ्यावर अंकुश हवा म्हणून 1983 चा उत्प्रवासन कायदा आला. त्याआधी 1922 चा, इंग्रजांच्या काळातला कायदा चालत होता. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर परराष्ट्र खात्याची नोंदणी हवी, बँक गॅरंटी हवी, ही आजची व्यवस्था या 1983 च्या कायद्यातली.

आणि या व्यवस्थेत एक आकडा आहे, तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे 35,400. त्याची पावती द्यायची. बस. दोन लाख ऐंशी हजार हा आकडा कायद्यात कुठेच बसत नाही.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, तां गल्फसाठी. ह्यां युरोप हा."

इथे गंमत बघा. पासपोर्टवर 'ईसीआर' असेल, म्हणजे उत्प्रवासन परवाना लागतो असा शिक्का असेल, तर आखातासह 18 देशांत कामाला जाताना सरकारी अधिकारी तुमचा करार तपासतो, विमा बघतो, मगच जाऊ देतो. दहावी पास झालात की हा शिक्का जातो. आता आपलं कोकण बोर्ड. 2012 पासून, म्हणजे हे विभागीय मंडळ झाल्यापासून, दहावीच्या निकालात राज्यात आपणच पहिले. दरवर्षी मीच ती बातमी करतो, पेढे भरवतानाच्या फोटोसकट. म्हणजे आपली जवळपास सगळी पोरं या तपासणीच्या बाहेर. शिकला म्हणजे स्वतःचं हित त्याला कळतं, असं कायदा धरून चालतो. त्यात पोलंड त्या 18 देशांत नाहीच. तेव्हा या मुलाचा कागद विमानात बसेपर्यंत कुणीही बघणार नव्हतं. माझ्याशिवाय.

आणि मी किती बघतो, त्याची ही गोष्ट.

साधारण बारा वर्षं झाली. एका गृहस्थांचा फोन आला. परदेशी नोकरी देणारी त्यांची कंपनी, जवळच्या शहरात हॉलमध्ये दोन दिवस थेट मुलाखती, पेपरात जाहिरात द्यायची होती. जाहिरात 18,000 ची. माझं कमिशन 15 टक्के, म्हणजे 2,700. आम्हा तालुक्याच्या बातमीदारांचं घर कशावर चालतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. जाहिरातीबरोबर एक बातमीही लावायची, ही न बोललेली अट. मी लावली. शीर्षक अजून पाठ आहे : 'कोकणातील तरुणांना परदेशी नोकरीची सुवर्णसंधी'. पत्रकारितेच्या पदविकेला आम्हाला शिकवलं होतं की बातमीत दोन बाजू हव्यात. त्या बातमीत एकच होती आणि तिचे पैसे मला मिळाले होते. लायसन नंबर विचारावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सतरा मुलांनी पैसे भरले. कुणी पंचेचाळीस हजार, कुणी साठ. चार महिन्यांनी फोन बंद. हॉलमालकाला पत्ता माहीत नाही, पेपरच्या जाहिरात विभागात पावतीवर फक्त एक मोबाइल नंबर.

एक दिवस वरच्या गावातले एक म्हातारे गृहस्थ घरी आले. आवाज चढवला नाही. पिशवीतून माझी बातमी काढली. ती त्यांनी लॅमिनेट करून घेतली होती. का, तर पैसे भरताना त्यांना ती पावतीसारखी वाटली. पेपरात छापून आलंय म्हणजे सरकारला माहीत आहे, अशी त्यांची समजूत. बाईने पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं, थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "तुमचा नाव आसा खाली. म्हणान इलय."

त्यांच्याबरोबर एका पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज दिला. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ते 2,700 रुपये मी कधी परत केले नाहीत. कुणाला करायचे, हा प्रश्न मी स्वतःला सोयीस्करपणे घालत राहिलो. ते गृहस्थ आता नाहीत. बातमीचं ते कात्रण त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवलं होतं, ते अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर मी या धंद्याबद्दल वाचायला लागलो. पापक्षालन म्हणा हवं तर. वाचताना एक गोष्ट लक्षात आली ती अशी, की जगात माणसं पुरवणाऱ्या ज्या कंपन्या खरोखर मोठ्या झाल्या, त्यांचा पैसा नोकरी मागणाऱ्याच्या खिशातून आला नाही.

अमेरिकेतली मॅनपॉवर ही कंपनी 1948 साली मिलवॉकी शहरात एल्मर विंटर आणि आरॉन शाइनफेल्ड या दोन वकिलांनी काढली. त्यांना स्वतःलाच तातडीने टायपिंग करून देणारी माणसं मिळेनात, तेव्हा ही गरज इतरांनाही असणार असं त्यांनी ओळखलं. रँडस्टॅड 1960 साली नेदरलँड्समध्ये फ्रिट्स गोल्डश्मेडिंग या विद्यार्थ्याने सुरू केली. पहिल्या सेक्रेटरीला त्याने म्हणे स्वतःच्या सायकलवर मागे बसवून कामाच्या जागी सोडलं होतं. आज जगातल्या सर्वांत मोठ्या रिक्रूटमेंट कंपन्यांत तिची गणना होते. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे चेन्नईची मा फॉय. शिवकाशीजवळच्या खेड्यातून आलेल्या के. पांडियाराजन यांनी ती 1992 साली काढली. 'मा फॉय' म्हणजे फ्रेंचमध्ये 'माझा शब्द', 'माझी निष्ठा' अशासारखं काहीतरी. बारा वर्षांत ती एवढी वाढली की 2004 साली व्हेडिओर या डच कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. 2008 साली व्हेडिओरच रँडस्टॅडने घेतली, आणि तो सायकलवाला असा चेन्नईपर्यंत पोचला. पांडियाराजन पुढे राजकारणात गेले, तमिळनाडूत शालेय शिक्षणमंत्रीही झाले.

या कंपन्यांचा हिशेब साधा आहे. ज्याला माणूस हवा तो पैसे देतो. कायमची नोकरी असेल तर वर्षाच्या पगाराच्या काही टक्के फी, तात्पुरती असेल तर दर महिन्याच्या बिलावर आपला वाटा. माणूस टिकला नाही तर मालक पुन्हा त्यांच्या दारात जात नाही, म्हणून माणूस नीट निवडावा लागतो. आपल्याकडच्या एजंटाला पोरगा टिकला काय, पळाला काय, पैसे आधीच मिळालेले असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1997 चा 181 क्रमांकाचा करारही सरळ सांगतो की कामगाराकडून फी घेऊ नये. जहाजावरच्या नोकऱ्यांत तर 2006 च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घ्यायला बंदीच आहे आणि भारताने तो करार 2015 साली मान्य केला आहे. तरी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात 'मर्चंट नेव्हीत लावतो' म्हणून पाच-पाच लाख घेणारे आहेतच.

पण मला एवढ्यावर थांबून चालणार नाही, कारण हा सरळ चांगले-वाईटचा मामला नाही. एकच कंपनी नर्सकडून एक रुपया घेत नाही आणि हेल्परकडून लाख घेते, असंही होतं. नर्स हवी असते आणि मिळत नाही, म्हणून हॉस्पिटल पैसे मोजतं. हेल्परच्या एका जागेला शंभर पोरं उभी असतात, म्हणून तिकडचा मालक व्हिसाच विकायला काढतो. तो विकतो मुंबईच्या एजंटाला, एजंट विकतो गावच्या सबएजंटाला (जो कायद्याने असूच शकत नाही), आणि सगळ्यांचा नफा चढून किंमत येते आपल्या काजूच्या कलमांवर. गिरणीच्या दारातही हेच होतं. दारात गर्दी होती म्हणून दस्तुरी होती.

म्हणून मला जर्मनीच्या योजनेबद्दल मनापासून उत्सुकता वाटली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. आपले सावंतवाडीचे दीपक केसरकर तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते, त्यांनी हा विषय लावून धरला होता. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण, नर्सपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हरपर्यंत, आणि जर्मन भाषेचं शिक्षण सरकारी खर्चाने. त्या वेळी आमच्याकडे फोनच फोन. 'अर्ज खंय करूचो?' पण भाषा हा सोपा घाट नाही. ए-वन, ए-टू, बी-वन असे टप्पे. हातातली रोजंदारी सोडून पोराने सहा-आठ महिने वर्गात बसायचं, तर घरात चूल कशी पेटायची, याचं उत्तर योजनेत नव्हतं. एजंट मात्र म्हणतो, 'भाषा लागत नाही, दोन महिन्यांत विमान.' पोरं कुठे जाणार?

केरळचं बघा. त्यांनी 1977 सालीच परदेशी नोकऱ्यांसाठी ओडेपेक ही सरकारी कंपनी काढली, 1996 साली परदेशस्थ केरळींसाठी वेगळं खातं उघडलं. डिसेंबर 2021 मध्ये त्यांच्या नोर्का रूट्स या संस्थेने जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी नर्स पाठवण्याचा करार केला, 'ट्रिपल विन' नावाचा. नर्सकडून पैसे नाहीत, भाषेचा खर्चही तिकडचा. माणसं आपणही शंभर वर्षं बाहेर पाठवतोय. पण आपण ते काम कायम कुणातरी ओळखीच्या माणसावर सोपवलं.

असो. त्या मुलाकडे परत येतो.

सोमवारी दुपारी त्याला घरी बोलावलं आणि परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो लायसन नंबर टाकला. नंबर खरा निघाला! त्याचा चेहरा उजळला. मग नाव वाचलं. नंबर दिल्लीतल्या दुसऱ्याच एका कंपनीचा होता. लेटरवरच्या कंपनीला त्याने माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची बाई आधी म्हणाली, "आम्ही त्यांचे पार्टनर." मी विचारलं, तसं लेखी द्याल का? मग आवाज बदलला. "सर, आम्ही रिक्रूटमेंट करत नाही. आम्ही फक्त व्हिसा कन्सल्टन्सी करतो." नोकरीची हमी? "हमी कंपनी देते सर, आम्ही फाइल बनवतो." रिक्रूटमेंट म्हटलं की कायदा लागतो, कन्सल्टन्सी म्हटलं की लागत नाही. ऑफर लेटर 'इंटरनॅशनल रिक्रूटमेंट' म्हणणार आणि पावती 'सल्ला शुल्क' म्हणणार. पैसे परत मागायला गेलात तर तुम्हाला सल्ला दिलेला असतो.

मी त्याला बरंच काही सांगितलं. कंबोडिया, म्यानमार, लाओसला चांगल्या नोकऱ्यांच्या नावाखाली पोरांना नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात आणि परराष्ट्र मंत्रालय त्याबद्दल वारंवार इशारे देतंय, ते सांगितलं. मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारू, मी येतो बरोबर, असंही म्हटलं. ते जुनं लॅमिनेट केलेलं कात्रण दाखवलं. ते त्याने वाचलं, उलटं करून बघितलं आणि टेबलावर ठेवलं.

मग म्हणाला, "काका, तुमी नको म्हणतास. मगे तुमी देतलास काय काम?"

मला उत्तर आलं नाही. चोवीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन, हायवेच्या कामावर रोज सहाशे रुपये, पावसात तेही बंद. लग्नाचं बोलणं काढलं की मुलीकडचे 'मुंबईत काय करतो' हे विचारतात. त्याला पोलंडला जायचंय यात काय चूक आहे? त्याच्या जागी मी असतो तर मीही भरले असते.

शुक्रवारी त्याने चाळीस हजार भरले नाहीत. ते त्याच्या आईमुळे. तिने मला फोन करून एकच विचारलं, "तुमच्या झिलाक तुमी पाठवलास आसतास?" मी नाही म्हटलं. तिने गटाचे पैसे गटात परत दिले.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बाजारात दिसला तर गाडी वळवून जातो. त्याच्याबरोबर फॉर्म भरलेल्या राजापूरकडच्या दोघांनी पैसे भरलेत. त्यांचं विमान पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला आहे, असं त्याने आईजवळ सांगितलंय. 'ते गेले की मग बघ,' हेही सांगितलंय. ती दोघं गेली आणि खरंच कामाला लागली, तर मी त्याच्या घरी जाऊन माफी मागेन, असं मी त्या माउलीला सांगून आलोय. तारीख डायरीत लिहून ठेवली आहे.